डाग, वर्ण आणि सूर्य

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीकाठचे नगर तेथील देवालयांसाठी आणि दर बारा वर्षांनी महामहम तलावावर भरणाऱ्या स्नानपर्वासाठी प्रसिद्ध आहे. या नगरापासून सुमारे १५ किलोमीटर अंतरावर सूर्यनार कोविल हे सूर्याचे मंदिर आहे. चोळ राजा पहिला कुलोत्तुंग याच्या कारकिर्दीत, इसवी सन ११०० च्या सुमारास ते बांधले गेले. मुख्य गाभाऱ्यात सूर्य आणि सभोवार इतर ग्रहांची स्वतंत्र मंदिरे, अशी त्याची रचना आहे. या स्थानाची कथा मोठी अर्थपूर्ण आहे. शापामुळे नवग्रहांनाच कुष्ठ झाले, पांढऱ्या रुईच्या वनात त्यांनी तप केले आणि ते रोगमुक्त झाले, असे तेथे सांगतात. कोणार्कच्या सूर्यक्षेत्राशी जोडलेली सांबाची कथा आणि ‘सूर्यशतका’चा कर्ता मयूर याची आख्यायिका याच जातीच्या आहेत. त्वचेचे आरोग्य सूर्याच्या हाती आहे, अशी भारतीय मनाची जुनी श्रद्धा या साऱ्या कथांतून दिसते.

परंतु याच मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा पसरलेल्या भातखाचरांत सूर्याचे दुसरे रूप दिसते. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला कालव्यांत सोडण्याची प्रथा आहे. पाणी आले की लावणी सुरू होते. ओणवे राहून रोपे लावणाऱ्या स्त्रियांच्या पाठीवर वरून ऊन पडते आणि खाचरातील पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश खालून तोंडावर येतो. कुंभकोणम सुमारे ११ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे सूर्य वर्षातून दोनदा, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात, माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. अशा प्रदेशात गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर उमटणारे काळसर चट्टे घरोघर दिसावेत, यात नवल नाही.

मराठी वाचकाला हे नगर सर्वस्वी परके नाही. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची सत्ता स्थापन केली, तेव्हापासून कावेरीच्या खोऱ्यात मराठी कुटुंबे वसली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांची दिवाणगिरी गाजवणारे राजा सर टी. माधवराव १८२८ साली याच कुंभकोणमात एका तंजावरी मराठी घराण्यात जन्मले. या मुलुखात दोन्ही भाषा शेजारी नांदल्या. चेहऱ्यावरच्या ज्या चट्ट्याला तमिळमध्ये ‘मंगु’ म्हणतात, त्याला मराठीत ‘वांग’ म्हणतात. संस्कृत वैद्यकातील ‘व्यंग’ या संज्ञेशी त्या शब्दाचे नाते आहे. सुश्रुतसंहितेत व्यंगाचे वर्णन क्षुद्ररोगांत येते. क्रोध आणि आयास यांमुळे चेहऱ्यावर उमटणारा, न दुखणारा, पातळ, काळसर चट्टा, असे ते वर्णन आहे. लक्षण अचूक आहे. कारणमीमांसा त्या काळच्या ज्ञानाला अनुसरून आहे. ‘क्षुद्र’ या शब्दाने मात्र पुढच्या काळात थोडा घात केला. जो रोग क्षुद्र, त्याला वैद्य कशाला, असे लोकांना वाटू लागले. आणि वांगाचा उपचार बाजाराच्या हाती गेला.

काळा डाग म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्वचेचे काम पाहावे लागते. बाह्यत्वचेच्या तळाशी रंजकपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात आणि आपल्या बारीक शाखांवाटे ते शेजारच्या पेशींना पुरवतात. एक रंजकपेशी सुमारे ३६ पेशींना रंगद्रव्य पुरवते, असा अंदाज आहे. गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या त्वचेतील रंजकपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याच्या कणांचा आकार, त्यांचे प्रमाण आणि त्यांची मांडणी यांत. पेशीत पोचलेले हे कण पेशीकेंद्रावर छत्रीसारखे पसरतात आणि त्यातील आनुवंशिक द्रव्याचे अतिनील किरणांपासून रक्षण करतात. उन्हात काळवंडणे ही अशा रीतीने त्वचेची संरक्षणक्रिया आहे. ही क्रिया एखाद्या ठिकाणी प्रमाणाबाहेर झाली, किंवा कारण संपल्यावरही चालू राहिली, की डाग पडतो.

या डागांचे प्रकार अनेक आहेत आणि ते वेगवेगळे ओळखणे अगत्याचे आहे. वर्षानुवर्षांच्या उन्हाने उतारवयात हातांच्या पाठीवर व चेहऱ्यावर उमटणारे सुस्पष्ट कडांचे तपकिरी ठिपके, हे खरे उन्हाचे डाग होत. वांग चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरते. ते मुख्यतः स्त्रियांत आढळते. गरोदरपण, संततिनियमनाच्या गोळ्या आणि आनुवंशिकता यांचा त्याच्याशी संबंध आहे, आणि ऊन त्याला हटकून वाढवते. चुलीची किंवा भट्टीची धगही त्याला पोषक ठरते, असे मानले जाते. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै येथे मेणाच्या साच्यातून कांस्यमूर्ती ओतण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तेथील भट्ट्यांपाशी बसणाऱ्यांना आणि घरात चुलीपुढे बसणाऱ्यांना ही गोष्ट लागू पडते. तिसरा प्रकार जखमेनंतरच्या डागांचा. मुरूम, खरूज, भाजणे, पुरळ असे काहीही बरे झाले की मागे काळा डाग राहतो. भारतीय त्वचेत हा प्रकार फार आढळतो आणि मुरूम फोडण्याच्या सवयीने तो वाढतो.

याखेरीज काही काळे डाग असे असतात, की ज्यांचे मूळ त्वचेत नसतेच. मानेभोवती आणि काखेत मखमलीसारखी जाड काळी त्वचा दिसू लागली, तर ती घासून निघत नाही. पुष्कळदा ती लठ्ठपणाची आणि येऊ घातलेल्या मधुमेहाची खूण असते. वेल्लोर येथील डॉ. एस. जे. बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवून दिले, की ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी बोटांच्या सांध्यांवर आणि तळव्यांवर काळेपणा येतो व ते जीवनसत्त्व दिले की तो नाहीसा होतो. अशा रुग्णाने वर्षभर मलम चोळले, तरी डाग जाणार नाही आणि आतला अभाव मात्र वाढत राहील. कपाळावर कुंकवाच्या जागी पडणारा काळा डाग पुष्कळदा बाजारी कुंकवातील रासायनिक रंगामुळे पडतो. उलट चिकटवण्याच्या टिकलीतील गोंदाच्या एका घटकामुळे त्याच जागी पांढरा डाग पडू शकतो. दोन्ही ठिकाणी पहिला उपचार एकच: ती वस्तू वापरणे थांबवणे.

काळेपणा हा औषधाचा परिणामही असू शकतो, याची जाणीव कुंभकोणमच्या परिसरात विशेष असावी. नगराजवळ सक्कोट्टै येथील सेक्रेड हार्ट हे कुष्ठरोग केंद्र या रोगाच्या उपचाराचे जुने ठिकाण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ साली कुष्ठरोगावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याच्या पद्धतीची शिफारस केली. त्यांपैकी क्लोफॅझिमीन या औषधाने रोग हटतो, पण त्वचा तांबूस आणि पुढे काळसर होते. औषध थांबल्यावर काही महिन्यांत, क्वचित काही वर्षांत, हा रंग उतरतो. परंतु तोवर शेजारीपाजारी ओळखतील या भीतीने काही रुग्णांना ते औषधच नकोसे होई. काळी पडलेली ती कातडी वस्तुतः बरे होत असल्याची खूण होती. समाजाच्या नजरेने तिचा कलंक केला. ज्या भूमीच्या पुराणकथेत ग्रहांनाही कुष्ठ होते आणि ते बरेही होते, त्या भूमीतही या नजरेपुढे औषधाची कसोटी लागली.

येथे या विषयातील मुख्य भेद समोर येतो. डाग ही एक गोष्ट आहे आणि वर्ण ही दुसरी. डाग हा विकार असू शकतो. वर्ण हा विकार नव्हे. वैद्यकाचा अधिकार पहिल्यावर आहे. या दोहोंची गल्लत झाली, की उपचाराचा अपचार होतो. गेल्या अर्धशतकाचा इतिहास पाहिला, तर ही गल्लत कशी वाढली हे स्पष्ट होते.

त्या इतिहासात १९७५ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी अमेरिकेतील क्लिगमन आणि विलिस यांनी वांगावरचे एक मलम प्रसिद्ध केले. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, अशी तीन औषधे होती. आजच्या तिहेरी मलमांचे ते मूळ होय. त्याच वर्षी फिट्झपॅट्रिक यांनी उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेचे प्रकार पाडले. ते आधी गोऱ्या त्वचेपुरतेच होते, आणि तपकिरी व काळ्या त्वचेचे प्रकार त्यात मागाहून घालण्यात आले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील फिंडले यांनी एक धोक्याची सूचना दिली. हायड्रोक्विनोनची मलमे दीर्घकाळ चोळणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर कायमचे निळसर-काळे डाग पडत होते. डाग घालवण्याचे औषधच डाग पाडीत होते. आणि त्याच १९७५ साली भारतात ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम बाजारात आले. २०२० साली त्याच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. गोरेपणाची हाव मात्र नावाबरोबर गेली नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९० साली वर्ण उजळवणाऱ्या प्रसाधनांवर कायद्याने बंदी घातली. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यातील डॉक्टरांचा आणि कार्यकर्त्यांचा त्यात मोठा वाटा होता.

हायड्रोक्विनोनच्या कुळाची हकीकत आणखी मागे जाते. १९३९ साली अमेरिकेतील चामड्याच्या कारखान्यातील कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडलेले आढळले. शोध घेता, त्यांच्या रबरी हातमोज्यांत मिसळलेले त्याच कुळातील एक रसायन रंजकपेशींचा नाश करीत असल्याचे दिसून आले. कामगारांचा अपाय पाहूनच रंग उतरवणाऱ्या औषधांचा शोध सुरू झाला. हे औषध मुळात विषारी असल्यामुळेच काम करते, याचा विसर पडू नये. योग्य प्रमाणात, मोजक्या आठवड्यांसाठी आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ते उपयोगी पडते. तिहेरी मलमाच्या अमेरिकेत २००२ साली मान्य झालेल्या प्रकारात सौम्य स्टेरॉइड आहे आणि त्याच्या वापराला सुमारे आठ आठवड्यांची मर्यादा आहे.

भारतात ही मर्यादा पाळली गेली नाही. तीव्र स्टेरॉइड असलेली मलमे औषधाच्या दुकानात साध्या क्रीमसारखी विकली गेली. पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा उजळतो, म्हणून शेजारीण शेजारणीला नाव सांगते. पुढे त्वचा पातळ होते, लाल होते, मुरूम आणि लव येते. मलम थांबवले की जळजळ उसळते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. व्यसनासारखे हे चक्र आहे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि तिच्याविरुद्ध मोहीम चालवली. २०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीविना विक्रीची मिळणारी सूट काढून घेतली. नियम झाला. तो प्रत्येक गावच्या दुकानापर्यंत पोचणे हे काम मात्र दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांच्या समजुतीवर अवलंबून आहे.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा मेलॅनिन तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणतो. म्हणून गोरेपणाच्या काही बेकायदा मलमांत तो घातला जातो, आणि त्वचेतून शिरून तो मूत्रपिंडापर्यंत पोचतो. शेजारच्या केरळात २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांची पाहणी झाली. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक खास प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा उजळवणारी मलमे वापरीत होते. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारानुसार अशी प्रसाधने जगभरातून हद्दपार करण्याचे ठरले आहे. भारताच्या २०२० च्या प्रसाधन नियमांतही पाऱ्याला मज्जाव आहे. ज्या डबीवर घटकांची यादी नाही, निर्मात्याचा पत्ता नाही, ती डबी चेहऱ्याजवळ आणू नये, हा सर्वांत सोपा नियम होय.

घरगुती उपायही सर्वस्वी निरुपद्रवी नसतात. डागावर लिंबू चोळून उन्हात गेल्यास लिंबातील काही द्रव्ये अतिनील किरणांशी संयोग पावून त्वचा भाजतात आणि मूळच्याहून गडद डाग पडतो. हळदीचा लेप दक्षिणेत स्त्रियांच्या नित्याचाच आहे. बहुतेकांना तो सोसतो, पण काहींना हळदीचीही बाधा होते. खाज सुटली किंवा त्वचा लाल झाली, तर परंपरेच्या भिडेखातर तो चालू ठेवू नये.

मग योग्य उपचार कोणता? त्याची पहिली पायरी निदान ही होय. तज्ज्ञ विशिष्ट दिव्याच्या प्रकाशात आणि भिंगातून डाग पाहून रंगद्रव्य वरच्या थरात आहे की खालच्या, याचा अंदाज घेतात. वरच्या थरातील डाग लवकर उतरतो. खालच्या थरातील डागाला फार काळ लागतो, आणि कधी तो पूर्ण जातही नाही. बाह्यत्वचा नवी होण्यास साधारण महिना लागतो; त्यामुळे कोणत्याही औषधाचा गुण दोन-तीन महिन्यांपूर्वी जोखू नये. आठवड्यात गुण देण्याचे वचन देणारा मनुष्य एकतर अज्ञानी असतो किंवा अप्रामाणिक.

दुसरी पायरी प्रकाशापासून रक्षण. याशिवाय बाकीचे सारे उपचार म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे होय. अतिनील किरणांचे लांब तरंगांचे प्रकार काचेतूनही आत येतात. तपकिरी त्वचेत दृश्य प्रकाशानेही टिकाऊ काळेपणा येतो, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले. म्हणून वांगासाठी लोहाच्या ऑक्साइडांनी रंगवलेली, त्वचेच्या रंगाची ऊनरोधक मलमे अधिक उपयुक्त ठरतात. मलम पुरेसे लावावे लागते. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांवर भरेल इतके, आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा. लावणी करणाऱ्या स्त्रीला हा खर्च झेपणार नाही. तिच्यासाठी रुंद काठाची टोपी, डोक्यावरून हनुवटीपर्यंत गुंडाळलेले दाट विणीचे सुती कापड आणि माध्यान्हीच्या दोन-तीन तासांत सावलीतले काम, हे उपाय खरे. विज्ञानाच्या दृष्टीने ते मलमाहून कमी प्रतीचे नाहीत.

औषधे ही तिसरी पायरी. हायड्रोक्विनोनखेरीज ॲझेलाइक आम्ल, एका बुरशीपासून मिळणारे कोजिक आम्ल आणि क जीवनसत्त्व यांचा वापर होतो. जपानमध्ये १९७९ साली दुसऱ्याच विकारासाठी दिलेल्या ट्रानेक्झामिक आम्लाने एका रुग्णाचे वांग फिके झाल्याचे दिसले, आणि आता तेही वापरात आहे. मात्र रक्ताच्या गाठी होण्याची प्रवृत्ती असलेल्यांना ते पोटातून देणे धोक्याचे ठरते.

चौथी पायरी दवाखान्यातील प्रक्रियांची. उसाच्या रसात आढळणाऱ्या ग्लायकॉलिक आम्लाने त्वचेचा वरचा थर सोलून काढतात. लेसर किरणांनी रंगद्रव्याचे कण फोडतात. या पद्धतीचे तत्त्व १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडले. गोऱ्या त्वचेत उन्हाचा ठिपका एकटा गडद असतो, म्हणून लेसरला तो नेमका सापडतो. तपकिरी त्वचेत आजूबाजूलाही रंगद्रव्य असते. तेही किरण शोषते, त्वचा भाजते आणि मागे नवा डाग राहतो. वांग तर लेसरनंतर पुष्कळदा परत येते. म्हणून भारतीय त्वचेत ही प्रक्रिया बेताने, आधी लहान जागेवर पाहून आणि अनुभवी हातांनीच व्हावी. यंत्र महाग आहे म्हणून उपचार श्रेष्ठ, असे समीकरण वैद्यकात नाही.

डाग घेऊन येणाऱ्या स्त्रीची चिंता क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. लग्नाच्या बोलण्यात, नोकरीच्या मुलाखतीत, नातलगांच्या बैठकीत तिच्या चेहऱ्याकडे बोट दाखवले जाते. त्या दुःखाला वैद्याने वेळ द्यावा, डागाचे नाव सांगावे, काय उतरेल आणि काय राहील हे स्पष्ट सांगावे आणि जन्माने मिळालेल्या वर्णाला रोग म्हणू नये. इतके झाले, तर निम्मी मलमे विकलीच जाणार नाहीत. वांग क्षुद्ररोगांत गणले गेले हे खरे. परंतु त्याच्या नावाखाली गमावलेली मूत्रपिंडे आणि सोलवटलेले चेहरे क्षुद्र नाहीत.

सूर्यनार कोविलच्या यात्रेत भाविक माध्यान्हीच्या उन्हातही दर्शनाला रांगेत उभे राहतात. त्यांत डोक्यावरून पदर घेतलेली, गालांवर वांग असलेली एखादी शेतकरीण असतेच. तिने देवाजवळ काय मागावे हा तिचा प्रश्न आहे. रांगेत उभे राहताना तिच्या डोक्यावर सावली असावी आणि गावी परतल्यावर तिच्या हाती बिननावाची डबी पडू नये, एवढी व्यवस्था मात्र माणसांनीच करावयाची आहे.